धुऱ्यावरची हवा

युरिया टाकल्यावर शेतातल्या मातीतून किती वायू निघतो, हे मोजायचं काम आमच्या कार्यालयाकडे आलं, तेव्हा मी तिथे सहायक होतो. हिंदी मुलखातल्या पाटनजवळच्या गव्हाच्या शेतात मातीवर डबा उपडा घालायचा आणि आत साचलेली हवा सिरिंजने ओढून बाटलीत भरायची, एवढंच काम. पण आमचे साहेब चकचकीत बूट घालून यायचे. पाणी दिलेल्या शेतात उतरायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. मग त्यांनी डबा शेताच्या कडेला, कोरड्या धुऱ्यावर ठेवायला लावला. "अरे चलो, मिट्टी तो मिट्टी है," म्हणे! हा आमचा शास्त्रज्ञ.

शेतमालक मूळचा आमच्याच विदर्भाकडचा. तो हसत मला म्हणाला, "भाऊ, युरिया मी गव्हाला दिला, अन् तुम्ही हवा धुऱ्याची काहून घेऊन राहिले?"

साहेबांना ते ऐकू गेलं. त्यांनी रुमाल काढून बूट पुसले.

अहवालात वायू नगण्य निघाला आणि साहेबांना शाल मिळाली. त्या प्रत्येक बाटलीवर 'गेहूं का खेत' अशी चिठ्ठी होती. अक्षर माझं होतं.