तळहातावरचा कापूस

पांढरकवड्याच्या त्या मिस्त्रीला गाडीच्या एअर फिल्टरमधून हवा किती जाते हे पाहायला यंत्र लागत नसे. तळहातावर कापसाचा पुंजका ठेवून तो फिल्टरमधून फुंके. फोमच्या फिल्टरने पुंजका उडे, कागदाच्या फिल्टरने नुसता हले. तरी बसवायचा कागदाचाच. "फोमातून हवा जास्त जाते भाऊ, पण धूळबी जाते. इंजिन खराब झालं की मले शिव्या देसान."

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या थोरल्या भावाला मी यवतमाळला नेत होतो. वाटेत जीप ओढेनाशी झाली, कशीबशी त्याच्या दुकानापर्यंत आणली. मिस्त्रीनं धुळीनं गच्च झालेला फिल्टर काढला, नवे दोन उचलले आणि सवयीनं कापूस हातावर घेतला.

"आता फुंकता कायले? लवकर करा!" मी ओरडलो.

त्यानं मागच्या सीटवर धापा टाकणाऱ्या भावाकडे पाहिलं. कापूस फेकला आणि फोमचा फिल्टर बसवला.

"दाबून हाना गाडी. इंजिनाचं मंग पाहू."

जीप कुठंच अडली नाही. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला.

पंधरवड्यानं मी दुकानात गेलो. त्यानं माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिलं. फोमचा फिल्टर काढून कागदाचा बसवला. कापूस मात्र हातात घेतला नाही.