घाटाचे प्लग

गर्शोमकाकांची जुनी फियाट बाजारात बंद पडली, की आसपासच्या दुकानांना आधी माझा आवाज ऐकू यायचा. मी तुळशीराम, त्यांचा मेकॅनिक. गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणायची, काजळीने काळेठिक्कर झालेले स्पार्क प्लग काढून घासायचे आणि घासताना काकांवर डाफरायचं, हे माझं ठरलेलं काम.

"अहो, हे थंड प्लग घाटासाठी! इंजिन तापलं की उष्णता झटकन बाहेर टाकतात. तुम्ही जाता कुठे? भाजी आणायला! इंजिन धड तापत नाही, काजळी जळत नाही. गरम प्लग टाका आणि विषय संपवा!"

"आणि पुण्याला जायचं ठरलं तर? भरली गाडी गरम प्लगवर घाट चढवून इंजिन जाळू?"

काका बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. एलिशेबाकाकूंचं माहेर पुण्याचं, रास्ता पेठेतलं. दरवर्षी सणाला ही फियाट माणसं कोंबून बोरघाट चढायची. निघताना माझ्या दारात थांबायचीच. काकू खिडकीतून ओंजळभर मलिदा द्यायच्या, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर एक खजूर. शनिवारी मात्र शब्बाथचा विसावा, जग बुडालं तरी गाडी जागची हलायची नाही. काय दिवस होते राव! त्या खोबऱ्याची चव अजून जिभेवर आहे.

मग एकेक करून सगळे इस्रायलला गेले. शेवटी काकूही गेल्या, लेकीच्या, शोशानाच्या बाळंतपणाला. "येतेच," म्हणाल्या. तो नातू आता शाळेत जातो. काकांनी थंड प्लग काही काढू दिले नाहीत.

आणि गेल्या महिन्यात स्वतःहून येऊन म्हणाले, "तुळशा, गरम प्लग टाक."

"आज कसं काय सुचलं?"

"एलिशेबाचा फोन आला होता. आता परत येणं होणार नाही म्हणाली. मलाच तिकडे बोलावते. पण या वयात मी कुठे जाऊ रे? मला आपलं पनवेलच बरं."

ज्यासाठी इतकी वर्षं घसा फोडला, तेच ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. "काका, राहू द्या ना थंडच. होऊ देत काळे. मी घासून देईन, अवाक्षर काढणार नाही."

"भाजी आणायला गरमच बरे. तूच सांगायचास ना?"

बसवले. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली, आवाज एकदम गोड. काकांनी जुने प्लग रुमालात गुंडाळून खिशात टाकले आणि निघून गेले.

तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. म्हणजे काकांना माझ्याकडे यायचं कारणच उरलं नाही. गाडीचा आवाज आला की मी रस्त्याकडे बघायचो, दुसरंच कोणीतरी असायचं. शेवटी काल पाना घेऊन मीच त्यांच्या दारात उभा राहिलो.

"काका, बॉनेट उघडा. प्लग बघतो."

"अरे, मस्त चालतेय गाडी!"

"चालू दे! मग मी डाफरू कुणावर?"