हरेश्वरच्या स्लॅबवरचं रोप

‘काम थांबवा. मी येतोय.’

मस्कतहून आलेल्या इंग्रजी तारेत एवढंच होतं. खाली नाव, हरेश्वर.

तार हातात घेऊन मी माझ्या ऑफिसच्या पाटीखाली उभा होतो. पाटी नवी कोरी. वर माझं नाव, खाली ‘कन्सल्टिंग सिव्हिल इंजिनिअर’. सरकारी नोकरी सोडून मी वसई स्टेशनजवळ हा गाळा घेतला होता. उद्‌घाटनाला आलेले सासरे पाटीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अक्षर सुरेख आहे. काम कुठाय?” काम एकच होतं. हरेश्वरचं घर. ते गेलं असतं तर गाळ्यात मी, एक टेबल आणि सासऱ्यांचा प्रश्न, एवढंच उरलं असतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नायगावच्या खाडीकडच्या एका पाड्यात हरेश्वरचं जुनं कौलारू घर होतं. तो मस्कतला फिटर. दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलेलं, आणि मुलीकडच्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की वरात दुमजली स्लॅबच्या घरात येईल. पाड्यात तोपर्यंत स्लॅबचं घर एकही नव्हतं. जाताना तो मला म्हणाला, “साहेब, आमच्या कंपनीत बांधकामाचे फोटो काढून मोठ्या साहेबाला पाठवतात. त्याला प्रोग्रेस म्हणतात. मलापण प्रोग्रेस पाहिजे.”

“मिळेल,” मी म्हणालो. पाटी नवी असली की माणूस काहीही कबूल करतो.

फोटोंसाठी मी स्टेशनवरचा स्टुडिओवाला नंदू धरला. नंदू लग्नांचे फोटो काढायचा. माणसाशिवाय त्याच्या कॅमेऱ्याला काही दिसतच नसे. पहिला फोटो जोत्याचा, म्हणजे जमिनीच्या वर आलेल्या पायाचा. नंदूने हरेश्वरच्या आईला ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं, दोन्ही बाजूंना काका, माम्या, आत्या उभ्या केल्या, पुढे पोरं बसवली आणि “हसा!” म्हणाला. सगळे हसले. मस्कतहून उत्तर आलं, ‘सगळी मंडळी खुशाल दिसली. आनंद झाला. जोतं कुठे आहे?’

भिंती झाल्या तेव्हा मी नंदूला बजावलं, की भिंती दिसल्या पाहिजेत. त्याने भिंती दाखवल्या. फक्त प्रत्येक खिडकीत एकेक नातेवाईक बसवला.

मे महिन्यात पहिला स्लॅब पडला. स्लॅब म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि लोखंड यांचं सपाट छप्पर. तेव्हा आमच्याकडे यंत्रं नव्हती. खालपासून वरपर्यंत माणसांची साखळी लावायची आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर चढवायची. खरी काळजी पुढेच असते. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. उन्हात ते पाणी उडालं तर स्लॅबला तडे जातात. म्हणून वर मातीचे छोटे बांध घालून चौकोन करायचे आणि त्यांत सतत पाणी उभं ठेवायचं. याला क्युअरिंग म्हणतात.

हे काम मी हरेश्वरच्या वडिलांवर, हिराजीकाकांवर सोपवलं. काका खाडीकाठी भातशेती करायचे.

“काका, खाडीचं खारं पाणी चालणार नाही. विहिरीचं गोडंच पाहिजे.”

“गोडा पानी? स्लॅबवर?”

“हो. आणि बांधांच्या आतला तळ अजिबात सुकता कामा नये.”

“कती दिस?”

“मी सांगेपर्यंत.”

म्हशीला पेढे भरवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या पट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे सोन्याची खाण. त्या पाण्याची अंघोळसुद्धा जपून करायची असते. पण मी इंजिनिअर, आणि घर मुलाचं. काका म्हणाले, “बरा.”

त्यानंतर मी साइटवर जायचो, पण वर चढायचो नाही. जिना झाला नव्हता. वर जायला बांबूची शिडी होती आणि माझं वजन तेव्हाही माझ्या अनुभवापेक्षा जास्त होतं. मी खालूनच हाक मारायचो, “काका, पाणी आहे ना?”

“हाय! भरपूर!”

“सुकू देऊ नका!”

“सुकल कसा? जीव हाय माजा त्याच्यात!”

किती कर्तव्यदक्ष माणूस, असं म्हणत मी स्कूटरला किक मारायचो. त्या दिवसांत मी अर्नाळ्याला एका बंगल्याचं काम मिळवण्याच्या खटपटीत होतो. ते शेवटपर्यंत मिळालं नाही.

मधे नंदू रंगीत फोटो घेऊन आला. “साहेब, या वेळेला माणसं नाहीत. वर चढून काढलाय. असा आलाय, बघत राहाल!”

मी न बघताच पाकिटात एक चिठ्ठी सारली. ‘स्लॅब कम्प्लीट. क्युअरिंग इन प्रोग्रेस. ऑल ओके.’ पाकीट पोस्टात टाकलं. आणि आता ही तार.

नंदूकडे जाऊन मी दुसरी प्रत मागितली. फोटोत घर नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत हिरवंगार गवत होतं, आणि कोपऱ्यात सिमेंटच्या खांबातून वर आलेल्या चार सळ्या. त्यामुळे कळलं की हा स्लॅब आहे. मस्कतला बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते मला लगेच समजलं. ज्या घरावर एवढं गवत वाढलंय तिथे कित्येक महिने माणूस फिरकलेला नाही, आणि इंजिनिअर लिहितोय ऑल ओके.

मी तसाच नायगावला गेलो आणि देवाचं नाव घेत शिडी चढलो. शिडीनेही घेतलं असावं.

वर हिराजीकाका उकिडवे बसून पाणी शिंपडत होते. प्रत्येक चौकोनात भाताचं रोप. वीतभर उंच, दाट, तजेलदार.

“काका! हे काय?”

“रोप.”

“ते दिसतंय! स्लॅबवर?”

“तुमीच बोल्लाव ना, बांध घाला, गोडा पानी उभा करा, सुकू देव नका. मग मी तलावातली गालाची माती पसरली, शेन टाकला, बी पेरला. एवढा पानी नुसता उभा ठेवू? पाप लागल.”

यावर सिव्हिल इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

आठवड्याभराने हरेश्वर उतरला. बॅग आणि बूट शिडीखाली टाकून तो थेट स्लॅबवर आला. मागोमाग मी. त्याने आधी रोपाकडे बघितलं, मग बापाकडे, मग माझ्याकडे.

“साहेब, तुमचं काम उद्यापासून दुसऱ्याला देतो. तुम्ही माझ्या घराचं शेत केलंत.”

“हे बघ हरेश्वर, मला कल्पनाच...”

“इंजिनिअरला कल्पना नाही की वर भात आहे?” तो वडिलांकडे वळला. “बाबा, आज ये सगला उपटा. गवंडी पावसाच्या आधी गावाला जातील. वरच्या भिंती कवा होतील? लग्न कुठं लावू?”

हिराजीकाका रोपाच्या कडेला मांडी घालून बसले. “उपट. तुज्याच हातानं उपट. मंग यंदाचा भात मस्कतवरून आन. खजुराचा भात खाऊ समदे.”

“पण राब दरवर्षी खाली असतो ना? खळ्याच्या बाजूला?” हरेश्वर म्हणाला. भाताचं रोप ज्या तुकड्यात तयार करतात, त्याला राब म्हणतात. “तिकडे का नाय पेरला?”

काकांनी हात लांब करून खाली बोट दाखवलं. आम्ही दोघं कडेला जाऊन वाकलो. खाली, खळ्याच्या बाजूला, माझा खडीचा डोंगर होता. शेजारी वाळूचा. त्यापलीकडे विटांची थप्पी.

हरेश्वरने सावकाश विचारलं, “साहेब, माल टाकायला ही जागा कोणी दाखवली?”

“मीच बघितली. छान सपाट होती.”

“सपाट का होती, ते विचारलं होतं?”

मी चष्मा पुसायला काढला. चष्मा स्वच्छच होता.

“मी इचारणार होतो,” काका म्हणाले, “पन साहेब घाईत. खडीचा ट्रक आला, खाली केला. म्हटला, आता पेरू कुठं? मंग देवानंच वरती राब दिला.”

हरेश्वर खाली बसला. त्याला रागावायचं होतं, पण नक्की कोणावर ते ठरत नव्हतं. रोप उपटलं तर घरचं वर्षाचं भात जाणार. ठेवलं तर गवंडी जाणार. आणि दोन्हींच्या मुळाशी मी.

मग मी त्या कामातली पहिली शहाणपणाची गोष्ट बोललो. “स्लॅबच्या खालचे टेकू अजून काढायचे आहेतच, म्हणजे वरच्या भिंतींना तसंही थोडं थांबायचंय. पाऊस चार-सहा दिवसांवर आलाय. रोप तयार आहे. गवंड्यांना मी थांबवतो. रोप खाली उतरवून लावणी माझी माणसं करतील. लावणी झाली की दुसऱ्या दिवसापासून वरच्या भिंती सुरू. लग्नाला घर मिळेल.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर मांडवात माझी पाटी आणून लाव. खाली लिही, याला काम देऊ नका.”

हरेश्वर पहिल्यांदा किंचित हसला. “चालेल. पण लावणीला तुम्ही स्वतः उतरायचं.”

गवंड्यांच्या मुकादमाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “साहेब, आम्ही गवंडी. चिखलात उतरत नाही.”

“सिमेंटचा चिखल रोज कालवतोस तो?”

“त्याला माल म्हणतात.”

शेवटी हरेश्वरच्या आईने लावणीच्या दिवशी बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी देते म्हटल्यावर तो प्रश्न मिटला.

दमदार पाऊस पडला आणि काम सुरू झालं. घमेली वर चढवणारी तीच साखळी आता उलटी लागली. वरून रोपाच्या जुड्या हातोहात खाली येऊ लागल्या. शेतात मुकादमाने सवयीने दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, लाइनदोरी ताणली आणि विटांची ओळ धरावी तसं रोप लावायला सुरुवात केली. काका बांधावरून ओरडले, “अरं, भात काय परेडला जायचाय?”

मी मात्र तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खाली. हरेश्वर आणि मुकादमाने मला दोन्ही बाजूंनी धरून उपटलं. चपला तिथेच राहिल्या. त्या कधी सापडल्या नाहीत, बहुतेक अजून पायाभरणीच्या कामी येत असतील. नंदू हे सगळं टिपत होता आणि “हसा!” म्हणत होता. या वेळी सांगायची गरज नव्हती. मी सोडून सगळे हसतच होते.

हरेश्वर रजा संपवून परत गेला. जाताना काम माझ्याकडेच ठेवून गेला. पावसाच्या उघडिपींत भिंती चढल्या, गणपतीनंतर दुसरा स्लॅब पडला. त्या स्लॅबवर फक्त पाणी होतं, हे मी रोज शिडी चढून स्वतः बघितलं. दिवाळीनंतर वरात त्याच घरात आली. पहिला स्लॅब त्या पावसात एक थेंब गळला नाही. पाड्यात सगळे म्हणाले, इंजिनिअरचं काम पक्कं. मी नम्रपणे मान खाली घातली. काकांनी शेणामातीचं श्रेय मागितलं नाही, मीही देऊ केलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच पाड्यात मला आणखी दोन घरं मिळाली. सिमेंट कुठलं, लोखंड किती, हे दोन्ही मालकांनी विचारलं नाही. अट मात्र दोघांची एकच होती: “साहेब, आमचा स्लॅब मे महिन्यातच पडला पाहिजे.”

तेव्हापासून नव्या साइटवर मी टेप काढायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्याला गाठतो आणि विचारतो, “काका, या जागेत तुम्ही दरवर्षी काय करता?” बांधकामाच्या कोर्समध्ये हा प्रश्न शिकवत नाहीत. शिकवला असता तर माझी एक चपलांची जोडी वाचली असती.