गुरुत्वलहरी आणि दाण्याचं कूट

मालनबाई उकिडव्यांना गुरुत्वलहरी म्हणजे काय ते कधीच नीट कळलं नाही, पण त्यांच्यापायी आपला झोपाळा गेला एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सांगलीहून जयपूरला बिऱ्हाड हलवताना त्यांनी तो पितळी कड्यांचा झोपाळा हट्टाने मालगाडीत घातला होता. बनीपार्कातल्या भाड्याच्या घराला त्यांनी होकार दिला तोसुद्धा मधल्या खोलीच्या छताला दोन भक्कम हूक होते म्हणून. त्यावर बसून संध्याकाळी झोके घेत दोन गजरे गुंफावेत एवढीच बाईंची चैन. ती दोन-तीन वर्षं टिकली.

त्यांचे यजमान श्यामकांतराव कॉलेजात फिजिक्स शिकवत. माणूस सज्जन, पण चिकित्सक. दूधवाल्याला कुणीही विचारील, ‘भैया, पाणी किती घातलंस?’ हे विचारत, ‘भैया, पाणी किती पडलं ते तू मोजलंस कसं?’ दूधवाला त्यांना टाळूनच दूध घालून जाई.

कॉलेजच्या लायब्ररीत अमेरिकन मासिकं बोटीने यायची, त्यामुळे ती शिळी होऊनच हाती पडत. साठ-एकसष्टच्या सुमारास त्यात श्यामकांतरावांनी वाचलं, की दूर आकाशात अजस्र तारे कोसळले की जागाच थरथरते आणि ती थरथर लहरीसारखी पसरत आपल्यापर्यंत येते. आपण सगळे तिने किंचित ताणले जातो, पण इतके किंचित की कुणाला पत्ता लागत नाही. तिकडच्या एका प्राध्यापकांनी ॲल्युमिनियमचा भलामोठा दंडगोल तारेवर टांगून ही लहर पकडायचं मनावर घेतलं होतं.

झालं! श्यामकांतरावांनी झोटवाड्यातल्या एका कारखान्यातून हातभर लांबीचा दंडगोल कातून आणला. झोपाळा काढून तो त्याच हुकांना टांगला. ग्रामोफोनच्या पिकअपमधला स्फटिक त्याला चिकटवला, जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह जोडले आणि शेवटी थरथर दाखवणारा एक काटा बसवला.

‘‘यात सापडेल लहर?’’ मालनबाईंनी विचारलं.

‘‘छे! याच्यात कसली सापडते? पण तिकडच्या त्या प्राध्यापकांना काय काय त्रास होत असतील ते तरी आपल्याला कळेल.’’

त्रास कुणाला झाला ते सांगायला नको. काटा हलला की श्यामकांतराव उठत आणि कारण शोधत. कधी शेजारची आटा-चक्की निघे, कधी भिंतीला अंग घासणारी गाय. पण बहुतेक वेळा निघे मालनबाईंचा खलबत्ता. ‘‘अगं, आत्ता काय कुटलंस?’’ असं विचारत ते स्वयंपाकघराच्या दारात येत आणि बाई वेलदोडे, मिरी, सुंठ, जे असेल ते सांगून टाकत.

जयपूरच्या मराठी मंडळात गणेशोत्सवातली एक संध्याकाळ व्याख्यानाची असे आणि ती श्यामकांतरावांच्या नावावर चढलेली होती. ‘गुरुत्वलहरी : यंदाची प्रगती’. प्रगती दरवर्षी एकच, अजून सापडलेली नाही. मंडळाचे चिटणीस रंगनाथ दिघे विम्यातले, बोलण्यात पटाईत. आभार मानताना ते हटकून विचारत, ‘‘काय उकिडवे, यंदाही लाट आली नाही? दिल्लीला गाडी बदलायची राहिली वाटतं!’’ मंडप खदखदून हसे. श्यामकांतरावही हसत. पुढच्या रांगेत बसलेल्या मालनबाईंना मात्र ते हसू जिव्हारी लागे.

सहासष्टच्या उन्हाळ्यातली ती दुपार बाई विसरू शकल्या नाहीत. चक्कीवाला लग्नाला गावी गेलेला, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि काटा लागोपाठ उडाला. श्यामकांतराव धोतराचा सोगा सावरत दारात आले. चेहरा असा उजळलेला, की लग्नातसुद्धा तो तसा नव्हता.

‘‘तू... काही कुटत होतीस का?’’

खलबत्ता पुसून फळीवर गेलेला होता. कूट डब्यात भरून झाकण लागलेलं होतं. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? बाईंच्या अगदी ओठांवर आलं.

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दाण्याचं कूट. उद्या एकादशी आहे ना.’’

‘‘बरं,’’ म्हणून ते परत गेले आणि त्या रात्री अर्ध्या पोळीवर उठले. एक ‘नाही’ म्हणायला आपल्याला काय धाड भरली होती, असं पुढे कितीतरी दिवस बाईंच्या मनाला लागून राहिलं.

आणि मग एकोणसत्तर साली बातमी आली. अमेरिकेतल्या त्या प्राध्यापकांचे दोन दंडगोल, एकमेकांपासून शेकडो मैल दूर ठेवलेले, एकाच क्षणी थरथरले होते. एकदा नाही, अनेकदा. मंडळाने समजूत करून घेतली की लाट उकिडव्यांचीच. दिघ्यांनी सत्कार ठरवला, शाल-श्रीफळ आणलं, फळ्यावर रंगीत खडूने ‘आमची लाट सापडली!’ असंही लिहिलं.

‘‘आई, मतलब बाबांना प्राइज मिळणार?’’ जयंतीने विचारलं. लेक जयपुरातच वाढलेली.

‘‘मिळणार!’’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी ठेवणीतली नारायणपेठी काढली. निघताना हळूच बजावलंसुद्धा, ‘‘अहो, आज फाटे फोडू नका. सापडली म्हणा आणि शाल घ्या.’’

श्यामकांतराव ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ बाईंना मुळीच आवडलं नाही.

व्यासपीठावर दिघ्यांनी शाल उलगडली तसे ते उठून म्हणाले, ‘‘थांबा. बातमी मोठी आहे. खरी ठरली तर मी नाचेन. पण अजून दुसऱ्या कुणाला ती लहर दिसलेली नाही. तोवर सापडली असं मी म्हणणार नाही.’’

मंडपात खसखस पिकली. झालं, पुन्हा तेच! मालनबाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं ते रागाचंच होतं.

‘‘आमच्या घरीही एकदा काटा उडाला होता,’’ श्यामकांतराव पुढे सांगू लागले. ‘‘कारण काही सापडेना. मला वेड लागायची पाळी आली होती. तेव्हा आमच्या मंडळींनी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं, तर मी याच मंडपात छाती फुगवून खोटं बोललो असतो. त्यांनी दाण्याचं कूट केल्याचं सांगितलं. माझा पडलेला चेहरा त्यांना दिसत होता, तरी सांगितलं. मी प्रयोग करतो तो अशा साक्षीदाराच्या भरवशावर. शाल द्यायचीच असेल तर तिकडे द्या.’’

दिघे उलगडलेल्या शालीची पुन्हा घडी घालू लागले. शेवटी त्यांच्या पत्नीने शाल घेतली आणि पुढच्या रांगेत येऊन मालनबाईंच्या खांद्यावर घातली. सप्टेंबरातल्या जयपुरी उकाड्यात ती लोकरीची शाल बाईंनी कार्यक्रम संपेपर्यंत काढली नाही.

घरी येताना सायकलरिक्षात झोपाळ्याचा विषय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाईंनी खलबत्ता खाली काढला, दाणे घातले, बत्ता उचलला आणि थांबल्या.

‘‘अहो,’’ त्यांनी आतून हाक दिली, ‘‘कुटते आहे हं!’’

‘‘एक मिनिट,’’ मधल्या खोलीतून आवाज आला, ‘‘काट्यासमोर बसू दे. हं, कूट आता!’’