लिंबाजीचे तीन सेकंद

लिंबाजी फोटोवाल्यानं अख्खी परभणी गोरी केली. माझं शिलाईचं दुकान त्याच्या डार्करूमला लागून, मधी नुसती फळी. आत कागदावर उजेड टाकताना तो मोठ्यानं मोजायचा, "एक, दोन, तीन," की दिवा बंद. जास्त मोजलं की माणूस काळा उतरतो म्हणे. लग्नाळू पोरगी असो नाहीतर फौजदार, सगळ्यांना तीनच! पोरगी बघायला आलेले पाव्हणे फोटो हातात धरून विचारायचे, "ही कोन, थोरली भैन का?" तरी हा लेकाचा मिशीला पीळ देणार.

शहाऐंशी साली चुडाव्याहून चांगुणाबाई आली. तिचा नवरा सूर्यभान वारून साल झालं होतं. त्याचा एकच फोटो, नामांतराच्या मोर्चात लिंबाजीनंच काढलेला. त्यातला चेहरा मोठा करून रविवारी स्मृतिदिनाला भिंतीवर लावायचा होता. लिंबाजीनं सवयीनं तीन मोजले. फोटो बघून बाई भडकली.

"हा कोन साहेब? माझा मालक उन्हात खडी फोडायचा. त्याला धुतलं कशाला? लेकरं वळखतील का ह्याला?"

"अवो, लय चांगला दिसायलाय की."

"चांगलाच व्हता तो!" बाई ओरडली अन् रडायलाच लागली.

लिंबाजीची पार गाळण उडाली. त्यानं फोटोच्या कागदाच्या एकाच पट्टीवर तीन, सहा, नऊ, बारा मोजून चार छटा उतरवल्या. बाईनं पट्टी दारातल्या उजेडात धरली, निरखली अन् शेवटच्या छटेवर बोट ठेवलं. "हा. हा माझा."

बारा मोजून उतरवलेला फोटो घेऊन निघताना तिची नजर भिंतीवरच्या तसबिरीकडं गेली. "ह्या कोन मॅडम?"

"माझी माय. झरीच्या रानात निंदायला जायची."

"म्हंजे तिला बी धुतलं व्हय!"

फळीआड मी पोट धरून हसलो. दुपारी आतून आवाज आला, "एक, दोन, तीन." मी कात्री उचलली. "चार." माझा हात थांबला. तो पार बारापर्यंत गेला. मी जाऊन बघितलं तर गडी ओला फोटो धरून उभा. मायच्या कपाळावर गोंदण उमटलं होतं.

"गोंदण व्हतं रे तिला," लिंबाजी म्हणाला. "मी इसरूनच गेलतो."