तोंड जास्तीकडं

समस्त सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मोखाडा तालुक्याच्या हद्दीत गणितातली मगर रद्द करण्यात आली आहे. ‘पेक्षा मोठा’ आणि ‘पेक्षा लहान’ ही चिन्हं शिकवताना मास्तर लोक फळ्यावर जी मगर काढतात आणि तिचा जबडा मोठ्या संख्येकडे उघडतात, तीच ही मगर. रद्द करणाऱ्या अधिकारी व्यक्तीचं नाव ताराबाई. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. हुद्दा वस्तीशाळेच्या शिक्षिकेचा. मानधन विचारू नये; ते सांगताना त्यांचा आवाज चढत असे.

हा ऐतिहासिक निर्णय माझ्यासमोर झाला. सन दोन हजारच्या आसपास मोखाड्याला आमचं प्रशिक्षण होतं. मी खोडाळ्याचा मास्तर, मागच्या बाकावर चहाची वाट पाहत बसलेलो. साहेबांनी फळ्यावर मगर काढली. सुरेख काढली होती, दातसुद्धा मोजून घ्यावेत. “मगरीला भूक लागली आहे. ती कुठे तोंड करेल? जिकडे मासे जास्त, तिकडे.”

पुढच्या रांगेतून एक काटकुळी बाई उठली. “साहेब, आमच्या पाड्यावर मगर कुणी पाहिली नाय. पुढारी काढला तर चालंल का?”

मी इतक्या मोठ्यांदा हसलो की साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं. बाईंचं नाही. चहाच्या वेळी मी कौतुक करायला गेलो तर त्या म्हणाल्या, “हसलात कशाला, गुरुजी? मी खरंच विचारलं.”

त्यांची शाळा पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला, एका पाड्यावर. पुढे मी अधूनमधून तिथं जाऊ लागलो. कुडाच्या भिंतींची एक खोली. आत एक फळा, एक खुर्ची, एक पत्र्याची पेटी. खडू पुरवून पुरवून वापरायचे, म्हणून गणित अंगणात. इकडे चार पोरं, तिकडे सात, आणि मधे एक पोर चिन्ह म्हणून उभं. त्यानं पाठ कमीकडे करायची आणि दोन्ही हात जास्तीकडे फाकवायचे. या पोराला सगळे ‘तोंड’ म्हणत. तोंड व्हायला मिळावं म्हणून मारामाऱ्या होत.

“तोंड जास्तीकडं, पाठ कमीकडं,” बाई ओरडून म्हणून घेत. मग माझ्याकडे वळून हळूच, “जग असंच चालतं, गुरुजी. गणितवाल्यांनी खूण तेवढी केली.”

बरोबरीच्या चिन्हासाठी दोन पोरं शेजारी शेजारी आडवी झोपत. पण तो धडा बाई कायम शेवटी ढकलत. मी विचारलं तर म्हणाल्या, “उदाहरण गावत नाय. शोधते मी.”

“दोन डोळे घ्या की.”

त्यांनी मला निरखून पाहिलं. “तुमचा डावा बारीक हाय.”

तोंडांमध्ये सर्वात नामांकित तोंड जनीचं. सात-आठ वर्षांची पोर, अंगापेक्षा हात लांब. बाजारात नेली तर सुकटीच्या दोन ढिगांमधे जाऊन उभी राही आणि हात फाकवी. ज्या दुकानदारिणीकडे तिची पाठ होई, ती चवताळून म्हणे, “बाई, हिला आवरा. माझं गिऱ्हाईक जातं.”

दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की पाडा ओस पडायचा. माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघायची आणि पोरं त्यांच्या पाठोपाठ. त्या वर्षी वरून फर्मान आलं: पोरं कमी, तर शाळा बंद. जवळची दुसरी शाळा घाटाखाली, ओढ्यापलीकडे. तिथवर पहिलीचं पोर जाणार नाही, हे वरच्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तपासणीची तारीख ठरली ती नेमकी भट्टीच्या हंगामात.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे युक्ती सांगितली. “खालच्या पाड्यावरची दहा पोरं आणून बसवा. एका दिवसाचा प्रश्न. सगळे करतात.”

“उसनं मीठ चालतं, गुरुजी. उसनी पोरं नाय.”

आणि ही बाई एसटीनं भट्टीवर गेली. आईबापांना समजावलं, मुकादमाशी भांडली. मुकादम म्हणाला, “पोरं इथं पण गणितच करतात. विटा मोजतात.” बाई परतल्या त्या एकट्या जनीला घेऊन. तिची आजी पाड्यावर होती, म्हणून तेवढं जमलं.

तपासणीला जिपा आल्या. साहेब, त्यांचे साहेब, सरपंच, हार धरणारे, हार घालणारे, आणि फोटो काढणारा. गावातून आणलेल्या पंधरा खुर्च्या अंगणाच्या एका बाजूला मांडल्या, त्या सगळ्या भरल्या. दुसऱ्या बाजूला पाड्यावर मागे उरलेली पोरं, जनी धरून नऊ. साहेब मोठे हसतमुख. “बाई, तुमची ती पद्धत दाखवा की. ये बाळ, कुठे जास्त आहेत सांग बरं.”

बाईंनी अजून पोरांचे दोन गट पाडले नव्हते. जनी अंगणाच्या मधोमध गेली. तिनं खुर्च्यांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मग पोरांकडे पाठ केली आणि साहेबांच्या दिशेनं दोन्ही हात फाकवले.

सरपंच म्हणाले, “अगं, पोरापोरांत बघ.” जनी हलली नाही. कुणी सांगितलं म्हणून तोंड फिरवायचं, असं तिला शिकवलंच नव्हतं. साहेब म्हणाले, “हुशार आहे.” टाळ्या झाल्या, फोटो निघाला, आणि होळीच्या आत शाळा बंद झाल्याचा कागद आला.

बाईंचं पुढे काय झालं ते आताच सांगतो, कारण शेवट मला दुसऱ्याच माणसाच्या तोंडून करायचा आहे. मानधन थांबलं. पुढच्या दिवाळीनंतर त्याही भट्टीवर गेल्या. पोरं तिथं, मग मी इथं काय करू, म्हणाल्या. पहिल्याच हंगामात तापानं गेल्या. पाड्यावर निरोप पोचला तोवर तिकडे सगळं उरकलं होतं.

तर, बंदच्या कागदापाठोपाठ शाळेचं सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मला पंच म्हणून सहीला बोलावलं होतं. पाच माणसं उतरली. बाईंनी दार उघडून दिलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. दोघांनी फळा उचलला, एकानं खुर्ची, एकानं पेटी. पाचवा, म्हणजे शिपाई, रिकाम्या हातांनी आत डोकावला आणि तसाच बाहेर आला. अंगणात जनी येऊन उभी राहिली होती. पाठ बाईंकडे, हात त्या पाच जणांकडे.

“ही काय करते?” शिपायानं विचारलं.

“गणित,” बाई म्हणाल्या.

त्यानं टेम्पोत पाहिलं. फळा, खुर्ची, पेटी. अर्धा हौदासुद्धा भरला नव्हता. मग दारातल्या बाईंकडे पाहिलं, आपल्या माणसांकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “एकटी बाई चालवत होती, आणि बंद करायला आम्ही पाच?”