वऱ्हाडाची मोटार

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. मी पांढरकवड्याच्या शाळेत मास्तर होतो. दर सोमवारी यवतमाळहून ज्या मोटारीने जायचो, ती मुळात लष्कराने मोडीत काढलेला ट्रक होता. मालकाने वर लाकडी सांगाडा चढवून तिची बस केली होती. निम्म्या खेपांना ती वाटेत बंद पडायची. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून बराच वेळ नुसता बघत राहायचा. "पोचू ना?" असं विचारलं, की थकल्या आवाजात म्हणायचा, "निघून तर राह्यलो, जी."

एकदा त्याच मोटारीने आम्ही लग्नाला निघालो. वऱ्हाड चढून बसलं आणि तोच ड्रायव्हर खाली उतरला.

"ब्रेक लागून नाही राह्यला. मी नाही नेत," तो मालकाला म्हणाला.

मालकाने दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारली. तेव्हा याने मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं आणि शेजारच्या विहिरीत टाकून दिलं.

आम्ही बैलगाड्यांनी गेलो. मुहूर्त टळला. सगळ्यांनी त्याला शिव्या दिल्या. मीही त्याला भेकड म्हणालो. त्याची नोकरी गेली.

पुढच्या सोमवारी नवं हँडल घेऊन नवा ड्रायव्हर आला होता. शाळा चुकवता येत नव्हती, म्हणून मी चढलो. ब्रेक दुरुस्त झाला का, ते कोणी सांगेना. जुना ड्रायव्हर स्टँडवरच उभा होता. खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, तिथं कायले बसले? दाराजवळ बसा."

मी उठलो आणि दाराजवळ जाऊन बसलो.